आईच्या बाजूचं गाणं

पोरीचं नवं गाणं येणार, हे मी नागपूरच्या फॅमिली ग्रुपवर आधीच टाकून बसलो होतो. 'आपल्या घरावर गाणं केलंय, सगळ्यांनी ऐका.' मी स्वतः ऐकलेलं नव्हतं. पण तीच फोनवर म्हणाली होती, "बाबा, हे सिंगल आपल्या फॅमिलीबद्दल आहे, हेरिटेज वगैरे." आता फॅमिली म्हटल्यावर बाप येणारच ना त्यात?

पहिल्यांदा ऐकलं ते इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलचं ऑफिस सुटल्यावर, स्लाऊला घरी येताना, कारच्या रेडिओवर. आधी छोटी मुलाखत झाली. हा लॅटिन साऊंड कुठून आला, असं विचारल्यावर पोरगी म्हणाली, माझ्या आईकडून, ती कोलंबियाची होती. मग गाणं सुरू झालं. सगळं स्पॅनिश. आजीचं अंगण, तव्यावरच्या मक्याच्या भाकऱ्या, किचनमध्ये एकटीच नाचणारी आई. बायको माहेरी फोनवर आणि पोरीशी स्पॅनिशच बोलायची, त्यामुळे मला तेवढं कळतं. ती जाऊन आता काही वर्षं झाली. तिचं ते नाचणं ऐकताना सिग्नल हिरवा झालेला कळला नाही, खोटं कशाला सांगू. पण त्याच वेळी माझा कान पुढच्या कडव्याकडे होता, आता आपला नंबर लागेल म्हणून. एके ठिकाणी ढोलकी वाजल्यासारखी वाटली, तर तो बोंगो निघाला. गाणं संपलं आणि मी कुठेच नव्हतो.

घरात पाऊल टाकतो तर ताईचा फोन. ताई माझी मोठी बहीण, नागपुरात बसून आम्हा सगळ्या भावंडांच्या घरचा कारभार पाहते. "काहून रे, गायली तर मस्त पोट्टी, पण त्यात आपलं काय आहे?"

"असेल गं काहीतरी, पुन्हा ऐक," म्हणालो आणि फोन ठेवला. काय डोंबल असणार होतं त्यात!

त्या आठवड्यात मला चैन म्हणून पडली नाही. धुतलेली भांडी परत धुतली. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून कानात तेच गाणं लावलं. अरे, दर शनिवारी बसनं हाउन्सलोला गिटारच्या क्लासला तिला कोण न्यायचं? बाहेर थंडीत कुडकुडत कोण उभं राहायचं? बेसूर का होईना, अंगाई कोण म्हणायचं? मीच ना! राग येत होता, आणि कोणावर, तर गेलेल्या बायकोवर. बाई गेली, तरी गाण्यात सगळी जागा तिचीच.

रविवारी पोरगी लंडनहून जेवायला आली. वरणाची फोडणी करपली, कारण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. पहिला घास घ्यायच्या आत काढला.

"छान झालंय गाणं. फक्त बापाला वगळलंस."

ती हसली. मग माझा चेहरा पाहून थांबली.

"बाबा, सीरियसली? अहो, आईचा आवाज मी विसरायला लागले होते. म्हणून लिहिलं. तुमचा तर मला रोज ऐकू येतो. जेवलीस का, कोट घातला का." तिनं चमचा खाली ठेवला. "तुमच्यावर मला नाही लिहायचं. आय मीन, आत्ता नाही. प्लीज."

तिचे डोळे भरले होते. आठवडाभर मी ज्या रांगेत पुढे घुसायला बघत होतो, ती कसली रांग आहे ते मला तेव्हा कळलं. हायसं वाटलं. आणि लगेच पुढचंही लक्षात आलं. म्हणजे ती लिहिणार. एक दिवस लिहिणारच, आणि चांगलंच लिहिणार. ताई रडेल, ग्रुपवर सगळे वाहवा करतील, आणि ऐकायला नेमका मीच नसेन.

"माझ्या गाण्याची चाल तरी आत्ता ऐकव ना," मी म्हणालो. "थोडीशी."

"नाही," ती म्हणाली. डोळे पुसले आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. "जेवा."