सागाच्या पानातली पानगी

पहिली पानगी तव्यावरून उतरवून मावशीने वरचं पान सोललं, तर आतली पानगी लालभडक. दुसरी सोलली, तीही लाल. बाहेर व्हरांड्यात चौदा पाहुणे येऊन बसले होते, त्यातले निम्मे मुंबईचे, आणि आत ओल्या फडक्याखाली तीस पानग्या पीठ लावून, मिटून तयार होत्या. सगळ्या सागाच्या पानात. पानं मी आणली होती, पीठ मी लावलं होतं. मावशीने माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं.

ही मावशी माझ्या नात्यातली नव्हे. डहाणूला चिकूच्या एका वाडीत बंगला होता, तिथे ती स्वयंपाकीण आणि मी तिच्या हाताखाली. ती किनाऱ्यावरची कोळीण, मी तलासरीकडच्या पाड्यावरची, चौथी पास. वाडीचे मालक शेठ, शेठाणी, माळी, सगळे तिला मावशीच म्हणत. सबंध डहाणू तालुक्यात तिच्याइतकी हट्टी आणि तिच्याइतकी हुशार बाई झाली नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. फुकटची स्तुती करायची मला सवय नाही.

मावशीला घड्याळ कळत नसे आणि त्याची तिला लाजही नव्हती. शेठनी स्वयंपाकघरात भिंतीवर घड्याळ लावून दिलं, तर ते काढून तिने त्या खिळ्याला चाळण टांगली. तिची सगळी कामं भरती-ओहोटीवर चालत. समुद्र तिथून मैलभर लांब, दिसत नव्हता की ऐकू येत नव्हता, पण जेवण कधी होईल विचारलं तर ती म्हणायची, "पाणी फिरलं की वाढते." आणि तसंच व्हायचं. माणसांची नावं तिच्या ध्यानात राहत नसत, त्यांचं खाणं राहायचं. शेठाणीची बहीण म्हणजे 'अर्धी पोळी'. गावातले डॉक्टर म्हणजे 'काटे मोजणारे'. एकदा ती बहीण दारात उतरली तेव्हा मावशी तिच्या तोंडावर म्हणाली, "अर्धी पोळी आल्या. पण आज दीड खातील, रात्रभर प्रवास झालाय." शेठाणीने कपाळावर हात मारला. बहिणीने दीड खाल्ली.

मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला त्याच सुमाराला शेठच्या मुलाचं लग्न झालं आणि मुंबईची सून घरात आली. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या माहेरी शिकलेला आचारी होता आणि ते त्या विसरत नव्हत्या. गणपती होऊन गेल्यावर त्यांनी पाहुणे बोलावले. आदल्या आठवड्यात त्या शेठाणीला म्हणाल्या ते मी दाराआडून ऐकलं. "या जेवणाला मावशीचं बघू. नाही जमलं तर आमच्याकडचा आचारी आणते." मी जाऊन मावशीला सांगितलं. ती मासा साफ करत होती, तिचा हात थांबला नाही. पण मला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याची होडी झाई बंदराच्या बाजूला गेली ती परत आली नव्हती, सासर तेव्हाच तुटलं होतं. स्वयंपाकघरामागची खोली हेच तिचं घर. चूल गेली की खोली गेली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई स्वतः आत आल्या. "मावशी, जेवणाआधी काहीतरी लाइट पाहिजे. गरम. पाहुणे उभ्या उभ्या गप्पा मारत खातील."

"जेवणाआधी खायचं? मग जेवायचं कधी?"

"त्याने भूक वाढते, मावशी."

"भूक वाढवायला खायला कशाला लागतं? उशिरा वाढा, आपसूक वाढते."

सूनबाई हसल्या नाहीत. त्या गेल्यावर मावशी पाटावर बसली आणि मला म्हणाली, "गो पोरी, हलकं म्हणजे काय ते आपण शोधून काढू." तिची शोधायची रीत अशी की रोज एक पदार्थ करायचा, मला खायला घालायचा आणि लगेच विहिरीवर पाठवून वीस घागरी ओढायला लावायच्या. ती काठावर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत असे. बोंबलाची भजी खाल्ली त्या दिवशी मी सहाव्या घागरीला खाली बसले. "जड," मावशी म्हणाली. कुळथाच्या कढणाने मला विहिरीच्या कठड्यालाच टेकून झोप लागली. "हे आजाऱ्याचं." शिंपल्यांचं गरम पाणी हलकं ठरलं, वीसही घागरी निघाल्या, पण माळीबुवा मध्ये बोलले. "एक हात वाटीत अडकल्यावर मुंबईची माणसं बोलणार कशी? त्यांना बोलायला दोन हात लागतात." ते मावशीला पटलं. अळूवडी तिने करून बघितलीच नाही. "एकाचा घसा जरी खाजला तरी मी गेले," एवढंच म्हणाली. आपल्या जाण्याबद्दल ती बोललेली मी त्या आठवड्यात तेवढंच ऐकलं.

चौथ्या दिवशी तिने पानगी केली. तांदळाचं पीठ, ओलं खोबरं, आलं, मिरची, मीठ, दोन पानांच्या मध्ये पातळ पसरून तव्यावर दोन्हीकडून भाजलेली. मासे न खाणाऱ्या पाहुण्यांनाही चालणारी, आणि पान सोलेपर्यंत आत गरम राहणारी. मी वीस घागरी ओढल्या आणि आणखी एक पानगी मागितली. मावशीने माझ्या पाठीत थाप मारली. "हीच. पोट म्हणतं अजून आण, ते हलकं."

पण ती पानगी केळीच्या पानातली होती, आणि ते माझ्या मनाला लागून राहिलं. आमच्या पाड्यावर पानगी सागाच्या पानात करतात. शेंड्याच्या कोवळ्या पानाचा रस उतरतो, पानगीला रंग येतो आणि वास असा येतो की माणूस शेतातून उठून घरी येतो. पांढरी पानगी मला आजाऱ्यासारखी वाटली होती. जेवणाच्या आदल्या रात्री मी पाड्यावर घरी गेले होते, सकाळी येताना सागाच्या पानांच्या दोन जुड्या आणल्या. मला वाटलं, मावशी खूश होईल. ती बंदरावर पापलेट निवडायला गेली होती. मी पीठ लावलं, पानं मिटली, वर ओलं फडकं टाकलं. दारामागे हातभर अंतरावर केळीची झाडं होती, त्यांच्याकडे मी बघितलंही नाही. लाल रंग कुणाला भिववील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मावशीचा चेहरा बघितला तेव्हा आलं.

ती मला ओरडली नाही. त्या लाल पानगीचा तुकडा तोडून तिने तोंडात टाकला, डोळे मिटले आणि हळूहळू चावला. मग राहिलेली अख्खी पानगी खाल्ली. तेवढ्यात सूनबाई आत आल्या आणि ताटाकडे बघून जागच्या जागी थांबल्या.

"हे काय? रक्तासारखं? मावशी, हे मी बाहेर नेऊ?"

"तुम्ही नका नेऊ, मी नेते," मावशी म्हणाली. "ही तलासरीची पानगी. केळीच्या पानातली काय, तुमच्या मुंबईतही होते. ही मुंबईत नाही मिळायची." असं म्हणताना तिची पापणीही हललेली मी बघितली नाही, आणि त्या पानगीची नि तिची ओळख होऊन घटकाही झाली नव्हती.

तिने भराभर भाजायला घेतल्या. पहिलं ताट भरलं तसं पदर खोचून ती व्हरांड्यात निघाली आणि दुसऱ्या हाताने मला दंडाला धरून ओढत नेलं. पाहुण्यांच्या गप्पा थांबल्या. पुढे बसलेले एक म्हातारे गुजराती गृहस्थ वाकून म्हणाले, "आ शुं छे? बीट छे?"

"सांग गो," मावशी म्हणाली. "तुझ्या घरची आहे."

असल्या माणसांपुढे मी जन्मात तोंड उघडलं नव्हतं. मी म्हणाले, "सागाचं पान आहे. रंग पानाचा. आमच्याकडे अशीच करतात. गरम आहे तोवर खा." शेवटचं वाक्य हुकूम दिल्यासारखं निघालं. कुणीतरी हसलं. म्हाताऱ्यांनी पान सोललं, वास घेतला, खाल्ली, आणि दुसरीला हात घातला. मग बाकीचे हात आले. शेठाणीच्या बहिणीने चार खाल्ल्या. डॉक्टर पानं हुंगत बसले. शेठ मोठ्याने म्हणाले, "मावशी, इतकी वर्षं ही कुठे लपवली होती?"

"मागितली कुणी?" मावशी म्हणाली.

आम्ही आत येऊन उरलेल्या भाजतच होतो तोवर सूनबाई रिकामं ताट स्वतः घेऊन आल्या. "अजून आहेत ना?"

"या शेवटच्या. मग जेवायला बसा. हलकंच खाल्लंय तुम्ही."

सूनबाई ताट घेऊन गेल्या. आचाऱ्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

भांडी घासताना मी रडायला लागले. मावशी म्हणाली, "रडतेस कशाला? खरकटं आधीच ओलं आहे." मग माझ्याकडे न बघता, "मी रंगाला घाबरले गो. उद्या मला शिकव." त्या बाईने कुणाला काही शिकव म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशेजारी खाली बसली, पान कुठल्या बाजूने घ्यायचं ते विचारलं आणि दोनदा चुकली. मी तिला चूक सांगितली. तिने मुकाट्याने ऐकली.

पुढे त्या बंगल्यात जेवणं असली की पाहुणे मावशीची लाल पानगी मागायचे. ती दर वेळी ताट खाली ठेवून सांगायची, "माझी नव्हे, हिची." लोकांना ते खरं वाटायचं नाही, पण तिने एकदाही सांगायचं सोडलं नाही. मावशी शेवटपर्यंत त्याच चुलीपुढे राहिली आणि त्याच खोलीत तिने डोळे मिटले. शेठ गेले, शेठाणी गेल्या, मग सूनबाईही गेल्या. त्या दिवशी चुलीपुढे ताटातल्या लाल पानगीभोवती आम्ही तिघी उभ्या होतो. आता त्यातली मी एकटी आहे.