मायच्या पोथीचा कागद

जिंतूरच्या बसस्टँडसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कोणत्या कामाला कोणता कागद, हे मी गिऱ्हाइकाला तोंडसुद्धा उघडू न देता सांगते. लेसर प्रिंटर पावडर तापवून कागदावर चिकटवतो. त्यात फोटोचा भलताच चकचकीत कागद घातला तर तो वितळून रोलरला चिकटतो, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता शेजारचा चहावालाही लोकांना सांगतो. पण माझ्या मायला पसंत पडेल असा कागद मिळेपर्यंत मी रडकुंडीला आले.

मायची पोथी तिच्या माहेरची, पूर्णेहून आलेली. रोज सकाळी विभूती लावून इष्टलिंगाची पूजा झाली की माय ती मांडीवर घेते. पानं पापडासारखी तुटायला लागली होती.

"नवी छापून देते, मोठ्या अक्षरात," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे की. हाय ती बरी हाय."

ऐकेल ती मी कसली! दुपारी गिऱ्हाईक नसताना थोडी थोडी करत अख्खी पोथी टाइप केली.

पहिल्यांदा लेसरसाठीच मिळणारा जाड, गुळगुळीत कागद वापरला. लग्नपत्रिकेसारखी देखणी पोथी झाली. दोन दिवसांनी माय म्हणाली, "अंगठा घसरायलाय गं." मग प्रिंटरच्या उष्णतेत टिकणारा, न भिजणारा, न फाटणारा प्लास्टिकसारखा कागद मागवला. त्यावर माय म्हणाली, "ह्याच्यावर काहीच ऱ्हाईना." कागदावर डाग पडत नाही म्हणून तक्रार करणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझा पारा चढायला एरवीही वेळ लागत नाही.

"माय, तू पोथी वाचतीस का कागद?" मी ओरडलेच.

तिनं नवी पोथी कापडात बांधून ठेवली आणि जुनी मांडीवर घेतली.

तिसऱ्यांदा मलईच्या रंगाचा, किंचित खरबरीत बाँड पेपर घेतला. फार खरबरीत घेतला असता तर पावडर नीट बसली नसती. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन देवघराच्या उंबऱ्यावर बसले. निदान आता तरी नावं ठेवू नयेत, एवढीच अपेक्षा होती. मायचं पोथी म्हणणं चालू होतं. टाइप करून करून तो सगळा मजकूर मलाही पाठ झाला होता. पानातली शेवटची ओळ आली आणि गेली, तरी मायनं पान उलटलं नाही. नजर त्याच पानावर, बोट ओळीखालून सरकतंय, आणि तोंडून मात्र पुढच्या पानावरच्या ओळी येतायत. बऱ्याच वेळानं तिनं पान उलटलं. जुन्या पोथीतलं पान जिथं संपायचं, बरोबर तिथं.

ती स्वयंपाकाला उठल्यावर मी जुनी पोथी उघडली. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात विभूतीचा अंगठा. दुसऱ्यावर तेलाचा थेंब. तिसऱ्याचा कोपरा उंदरानं कुरतडलेला. चौथ्यावर कुंकवाचं बोट. प्रत्येक पानाला त्याची त्याची खूण होती आणि बाकी सगळं मायला पाठ होतं. मायला वाचता येत नव्हतं. सही तेवढी यायची. ती माझ्या वडिलांनी गिरवून घेतली होती.

आणि मला वाचायला कुणी शिकवलं? हिनंच. पहिलीत असताना मी धडा वाचायला बसले की ती शेजारी बसून ओळीवर बोट ठेवायची आणि मी अडखळले की म्हणायची, "पुन्हा वाच." माझी चूक तिला माझ्या आवाजातच ऐकू येत असणार. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्याच घरात होता, आणि उजेड मात्र सगळा मला मिळाला. अशा बाईला मी विचारलं होतं, पोथी वाचतीस का कागद. मला माझीच फार लाज वाटली.

तिला काही विचारलं नाही. तशीच दुकानात गेले. कागद तोच ठेवला, आकार दुप्पट घेतला. त्यामुळे अक्षर मोठं राहूनही जुन्या पोथीचं एक पान नव्या एका पानात बसलं. जुनं पान जिथं संपतं, नवंही तिथंच संपवलं.

"मशीननं पानं भलतीकडंच तोडली होती, आता नीट केलीत," मी घरी येऊन म्हणाले. मायनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं.

मग दुपारभर ती दोन्ही पोथ्या शेजारी शेजारी मांडून बसली. जुन्या पानावर जे असेल ते नव्यावर करत गेली. विभूतीचा अंगठा, तेलाचा थेंब, कुंकवाचं बोट. उंदराचा कोपरा तिनं कात्रीनं कापला. कागदानं सगळं धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर तिनं नवी पोथी माझ्या मांडीवर ठेवली.

"आज तू वाच," म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

मी वाचायला लागले. दुसऱ्याच पानावर, त्या तेलाच्या थेंबापाशी, मी अडखळले.

"पुन्हा वाच," माय म्हणाली.