ऐच्छिक बॅटरी बाईक

संध्याकाळचे पाच. स्थळ वर्धा. आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय. खाली पंक्चरचं दुकान, वर आम्ही. दुकानाशेजारी चार बॅटरी बाईक उभ्या, प्रत्येकीच्या हँडलला झेंडूचा हार.

बातमीदाराचं एक असतं. जगाच्या भानगडी छापल्या की त्या डोक्यातून निघून जातात. स्वतःच्या ऑफिसातल्या छापता येत नाहीत, म्हणून साचत राहतात. त्या हारवाल्या गाड्यांच्या माझ्याकडे इतक्या साचल्यात की चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "सर, ते बॅटरीवालं सांगा ना!" सांगतो. पण हसताना एवढं ध्यानात ठेवा, यात एका माणसाची नोकरी होती.

साल दोन हजार आठच्या आसपासचं. नागपूरच्या मुख्य कार्यालयाने कर्मचाऱ्यांसाठी योजना काढली. कामावर यायला बॅटरीची गाडी, हप्ता पगारातून, लायसन्सची कटकट नाही. आमचे मॅनेजर तिवारी साहेब नारळ फोडून म्हणाले, "भाइयों, ही योजना पूर्णपणे ऐच्छिक आहे. गावाहून येणाऱ्या चौघांची नावं मी पाठवून दिली आहेत."

धनराज ठवकर आमचा ऑपरेटर, संगणकावर पेपरचं पान लावणारा. आंजीहून यायचा. पान छपाईला सुटेपर्यंत शेवटची एसटी निघून जायची, म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस ऑफिसच्या बाकावर झोपायचा. घरी दीड वर्षाची पोरगी. गाडी बघून तोच सगळ्यांत खूश झाला. एवढंच विचारलं, "साहेब, मले आंजीवरून येनं अन् परत जानं आहे. एका चार्जिंगमदे होते ना?"

"कंपनी झूठ बोलेल का?" साहेब म्हणाले. त्याच दिवशी चौघांचे ऑफिसकडून मिळणारे एसटीचे पास बंद झाले!

•

दुसरी गाडी छबूताईंना मिळाली. जाहिरातींचा काउंटर सांभाळायच्या, देवळीहून यायच्या. आठवडाभरात त्यांचा घसा बसला. मला वाटलं सर्दी.

"सर्दी कायची जी! या गाडीले आवाजच नाई. मागून आलेली ना मानसाले समजत, ना म्हशीले."

"मग हॉर्न वाजवायचा."

"हॉर्न वाजवला का गाडी हळू होते. म्हनून देवळीपासून मीच वरडत येतो!"

साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी नागपूरला कळवलं, महिला कर्मचारी गाडीवर अत्यंत उत्साहात आहेत.

•

आता चार्जिंग. ते दिवस लोडशेडिंगचे. आंजीत वीज कधी येईल ते वीज मंडळालाही ठाऊक नसायचं. आली तरी धनराजच्या घराकडे व्होल्टेज इतकं कमी की चार्जरचा दिवा पेटायचा नाही. गावात पूर्ण दाबाची वीज एकाच जागी, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीला लागून असलेल्या पिठाच्या चक्कीत. धनराज गाडीतून बॅटरी काढायचा, खांद्यावर घ्यायचा आणि चक्कीवर नंबर लावायचा. गव्हाचा डबा, ज्वारीचा डबा, मधे बॅटरी, मग पुन्हा ज्वारी.

मागच्या बाईने विचारलं, "काय दळून राह्यला भाऊ?"

"नोकरी," धनराज म्हणाला.

त्याने हे ऑफिसात सांगितलं तेव्हा आम्ही खूप हसलो. तो हसला नाही.

•

मग चौघं ऑफिसात चार्जिंग करू लागले. कामावर आलं की जिन्याखाली चार वायरी. एक दिवस बाहेरची वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि कोणाच्याच ध्यानात आलं नाही की चारही गाड्या आता इन्व्हर्टर पीत आहेत. हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या आगीची बातमी मी धनराजला सांगत होतो, तो ती पानात बसवत होता. "आगीत कापसाच्या गाठी," एवढं झालं आणि स्क्रीन काळी! पान गेलं ते दुसऱ्या दिवशी. जिल्ह्यातल्या इतर सगळ्या पेपरांत आग लागली, आमच्यात नाही.

मी साहेबांना म्हटलं, गाड्यांसाठी वेगळी लाइन घ्या. त्यांनी जिन्यात कागद चिकटवला: कार्यालयाची वीज कार्यालयीन कामासाठीच वापरावी.

"साहेब, पान लावायले येनं हे कार्यालयीन काम नाई का?" धनराजने विचारलं.

"बहुत बोलतो तू!"

•

तेव्हापासून धनराजचं येणं म्हणजे रोजची धाकधूक झाली. पाचला खुर्चीत बसला नाही की पान अडायचं. सव्वापाच झाले की आम्ही खिडकीशी. चक्कीवर नंबर लागला असेल तर तो बसून यायचा. नसेल तर अर्ध्या वाटेपासून गाडी ढकलत, शर्ट अंगाला चिकटलेला. त्या गाडीला पेडल होते, पण ते फक्त दाखवायला. मारून बघा, गुडघे बोलतील.

एकदा वैतागून तो सरळ एसटीने आला, स्वतःच्या तिकिटाने, वेळेच्या आधी. साहेबांनी त्याला केबिनमध्ये घेतलं. दार उघडंच होतं.

"गाडी दिली ना तुला? एसटीने येऊन योजना फेल दाखवतोस?"

"वेळेवर आलो ना, साहेब."

"वेळेवर यायचं, आणि गाडीवरच यायचं!"

मग मेमो. मग दुसरा. तिसऱ्यात लिहिलं होतं, यापुढे उशीर झाल्यास सेवा समाप्त. मी साहेबांशी भांडलो. कलेक्टरला भर सभेत उभं करून विचारलेलं आहे, मॅनेजरचं काय! साहेब शांतपणे म्हणाले, "पंडितजी, पत्रकारिता बाहर. अंदर डिसिप्लिन." मी पंडित नाही, हे त्यांना तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

धनराज मागे उभा होता. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, एक डाव तुमी जा ना आंजीले याच्यावर. पोचले तर मी सोतः लिहून देतो."

छबूताईंच्या हातातली पावती तशीच राहिली.

"मंजूर," साहेब म्हणाले. "मी पोचलो तर तू राजीनामा दे. नाही पोचलो तर तिन्ही मेमो मागे आणि तुझा पास चालू!"

•

ठरला तो दिवस ऑगस्टचा. चार दिवसांपासून पावसाची झड लागलेली. आंजीचा रस्ता रुंदीकरणासाठी मधेच खणून ठेवलेला, त्यावर काळ्या मातीचा चिखल. आमच्याकडची काळी माती ज्याने पाहिली त्याला सांगायला नको. ती चाकाला लागत नाही, चाक धरते. मडगार्डात भरली की गाडी जागची हलत नाही. काडीने खरवडायचं आणि पुढे जायचं. दुसरा रस्ता घेतला तरी गावात शिरायला तोच चिखल.

साहेब सकाळी एकटेच निघाले. कोणाला बरोबर घेतलं नाही. फोटोग्राफर राजूला सांगून ठेवलं होतं, अकराला आंजीच्या ग्रामपंचायतीसमोर हजर राहायचं. राजू स्वतःच्या मोटरसायकलवर गेला.

आम्ही ऑफिसात. धनराज त्या दिवशी आदल्या रात्रीपासून इथेच होता, बाकावर. चहा आला, त्याने घेतला नाही. छबूताई म्हणाल्या, "काऊन भेतं? नाई पोचत तो. वाटेतच फसते, पाह्य." धनराज नुसता फोनकडे बघत राहिला.

अकराला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. साहेबांनी स्पीकर लावायला सांगितला.

"पहुंच गया! आणि चार्जिंग अजून अर्धं बाकी आहे!"

धनराजने माझ्याकडून पेन मागितलं. दोन ओळी लिहिल्या, सही केली, कागद साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवला आणि येऊन आपल्या खुर्चीत बसला. "आजचं पान लावून जातो, सर."

दुपारी राजू आला. कमरेपर्यंत चिखल. म्हणाला, "तीनदा काडीनं खरवडली गाडी. मी पोचलो तं साहेब पयलेच उभे होते, चहा पीत." एवढंच बोलला आणि फोटो धनराजला दिला.

साहेबांनी मथळा स्वतः लिहून दिला, 'एका चार्जिंगमध्ये वर्धा ते आंजी'. वर सूचना: फोटो मोठा लावणे.

धनराजने फोटो तीन कॉलम लावला. मी मागे उभा होतो. एरवी तो फोटोची फालतू कड हटकून कापायचा.

"कड नाही कापली, धनराज?"

"मोठा लाव म्हटलं ना साहेबानं."

पान सोडून त्याने संगणक बंद केला, की-बोर्डवर कपडा टाकला आणि बसस्थानकाकडे गेला. शेवटची एसटी त्या दिवशी त्याला मिळाली.

तो अंक घेऊन मी नागपूरला दोनदा गेलो. दोन्ही वेळा चहा मिळाला. योजना इतर जिल्ह्यांतही लागू झाली. साहेबांना बढती झाली. अंक माझ्याकडे आहे, कोणालाही दाखवतो.

फोटोत साहेब हसताहेत. त्यांच्या मागे, कडेला, राजूची मोटरसायकल, हेडलाइटपर्यंत काळ्या चिखलाने लिंपलेली. आणि साहेबांच्या गाडीचं पुढचं चाक इतकं स्वच्छ, की टायरवरचं कंपनीचं नाव वाचता येतं.