आप्पांच्या टोपीचा रंग

मंगळवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याची कचेरी, पहिला मजला, सुनावणीची खोली. लांब टेबल, सात खुर्च्या, भिंतीवर मोठा टीव्ही. छताला पंखा होता, फिरतही होता, वारा मात्र स्वतःपुरता ठेवत होता.

या खोलीत माझी जी शोभा झाली, ती आज सांगूनच टाकतो. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून तुमच्या कानावर येण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. हसा हवं तर, पण चहा सांभाळून.

आधी भांडण काय होतं ते सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. गावाजवळून एक ओढा जातो. आठवड्यातून दोनदा, भल्या पहाटे, त्या ओढ्याला चहासारखं तांबडं पाणी येतं. दुपारपर्यंत निवळतं. ओढ्यापासून दहा पावलांवर विहीर आहे आणि अख्खी वस्ती त्या विहिरीचं पाणी पिते. पाणी कुठून येतं? कोण सोडतं? ओढ्याच्या वरच्या अंगाला असं पाणी सोडू शकतील अशी सात-आठ ठिकाणं आहेत, प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

विश्वनाथआप्पा या सत्तरीच्या गृहस्थांनी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं. प्रथमदर्शनी पुरावा जोडा, मग आम्ही पाण्याचा नमुना घेऊ. अधिकारी येतात दुपारी जेवणं उरकून, तोवर पाणी नितळ! शेवटी आप्पा माझ्याकडं आले.

"पेपरवाले साहेब, म्हशी तोंड लावीनात त्या पाण्याला. अन् आमी लेकरांला पाजायलोय. तुमी या, बगा, फोटू काडा."

सत्तावीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला हे सांगावं लागतं? पहाटे साडेपाचला मी ओढ्याच्या काठावर हजर. पाणी खरोखरच तांबडं. आप्पांना काठावर उभं केलं, मागं ओढा घेतला, आणि कॅमेऱ्याची कळ दाबली. एकच फोटो, पण असा की बघणाऱ्याचा घसा कोरडा पडावा. माझा तर तिथंच पडला. बॅगेतली विकतची पाण्याची बाटली काढली, संपवली, आणि रिकामी बाटली परत बॅगेत टाकली. ओढ्याकाठी कचरा करायचा नाही, हा माझा बाणा! ही बाटली लक्षात ठेवा.

आता माझ्या लॅपटॉपकडं येऊ. त्याच्या महिनाभर आधी माझ्या हातून एका सत्काराचा फोटो छापायला गेला होता. पेपरात सत्कारमूर्ती निळे आले. निळे म्हणजे किती? आडातून नुकतेच बाहेर काढल्यासारखे. मी छापखान्याशी भांडलो. ते म्हणाले, फोटोच तसा आलाय. मग लॅपटॉप घेऊन गेलो सलीमभाईकडं. सलीमभाईचा बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ आहे. माणूस कमी बोलतो, पण बोलला की जिव्हारी लागतं.

"काका, तुमच्या लॅपटॉपात एक फाईल असते. पडद्यावर रंग कसे दाखवायचे ते सांगणारी. ती बिघडलीय."

"मग सगळंच बिघडलेलं दिसायला पाहिजे!"

"न्हाय ना. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर ती फाईल वाचतं. साधं फोटो बघायचं सॉफ्टवेअर वाचतच न्हाय. म्हणून सुधारायला घेतला की फोटो पिवळा, नुसता उघडला की बरोबर. तुमी पिवळं दिसलं म्हणून त्यात निळं वतलं. तुमच्यापुरतं बरोबर झालं, जगाला निळं गेलं."

"म्हणजे हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर चूक, आणि फुकटचं बरोबर?"

"त्याला चष्मा हाय, काका, पण नंबर चुकीचा. ह्याला चष्माच न्हाय. ठेवून जा लॅपटॉप, उद्या करून देतो."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," असं ठणकावून मी लॅपटॉप उचलला आणि निघालो. लॅपटॉप ठेवून बातम्या काय पाटीवर लिहू?

तर ओढ्याचा फोटो मी त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडला. सगळंच तांबूस-पिवळं. पाणी तांबडं, ठीक. पण आप्पांचा सदरा पिवळट, आणि टोपी? अहो, टोपी चहात बुडवून काढल्यासारखी! मी म्हटलं, हा फोटो दिला तर समोरचे म्हणतील, पत्रकाराने सगळ्या फोटोवरच रंग चढवला. पुरावा कसा स्वच्छ पाहिजे. मग त्या सॉफ्टवेअरमध्ये रंग जुळवायची एक नळी असते, ती घेतली. ती ज्या जागेवर टेकवाल ती जागा पांढरी धरून बाकीचे रंग आपोआप जुळतात. टेकवली आप्पांच्या टोपीवर. टोपी पांढरी असते, यात संशोधन कसलं करायचं? तरी थोडी पिवळट वाटली, म्हणून हाताने अजून निळं वाढवलं. टोपी झाली शुभ्र. मागचं पाणी अजून तांबडंच. वा! मी फोटो जतन केला आणि आप्पांच्या चौथ्या अर्जासोबत कचेरीला ईमेल केला.

आता परत सुनावणीच्या खोलीत चला.

खुर्चीवर अधिकारी मॅडम. वय पस्तिशीचं, आवाज शांत, हातात पेन. शेजारी कांबळे नावाचे कारकून. या बाजूला मी आणि आप्पा. आप्पा खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते, दोन्ही हात गुडघ्यावर.

मॅडम म्हणाल्या, "ही चौथी वेळ आहे. आज पुरावा नसेल, तर अर्ज निकाली काढावा लागेल. बारा वाजता मला दुसरी बैठक आहे."

"पुरावा आहे!" मी म्हणालो. आवाज जरा जास्तच चढला. "तुमच्या टीव्हीवर लावा. डोळे फाटतील."

कांबळेंनी फोटो लावला. सगळ्यांनी पाहिला. कुणाचे डोळे फाटले नाहीत.

ओढ्याचं पाणी राखाडी. कुठल्याही ओढ्याचं असतं तसं साधं, सरळ, निरपराध पाणी! आणि आप्पांची टोपी फिकट निळी.

"यात तांबडं कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"पाणी तर बरं दिसायलंय," कांबळे म्हणाले. "टोपीला नीळ जरा जास्त झालीय."

आप्पा टीव्हीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. त्या नजरेपेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आणि मी काय केलं? शांत बसलो? छे! मी उभा राहिलो आणि टेबलावर हात आपटला.

"फाईल बदललीय! मी पाठवलेला फोटो हा नव्हे. मॅडम, ईमेल कोण उघडतं इथं?"

"मी उघडतो," कांबळे म्हणाले.

"मग उत्तर द्या! कुणाच्या सांगण्यावरून केलंत हे?"

बिचाऱ्या कांबळेंचा चेहरा उतरला. "साहेब, मला फोटोतलं काय बी कळत न्हाय हो. मला वाढदिवसाचा बॅनर बनवता येईना."

"मूळ फोटो माझ्याजवळ आहे. दूध का दूध इथंच करतो!" मी बॅग उघडून लॅपटॉप ओढला. त्याच्याबरोबर ती रिकामी बाटली बाहेर पडली, टेबलावर टणटण उड्या मारत मॅडमच्या फायलीपाशी जाऊन थांबली. मी ती रागाने बाजूला सारली.

लॅपटॉप चालू झाला. माझ्या त्या भारी सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडला आणि पडदा त्यांच्याकडं फिरवला. टोपी पांढरी, पाणी तांबडं.

"हे बघा! आता बोला!"

आप्पा अर्धे उठले. "व्हय, व्हय! असंच येतंय पाणी!"

कांबळेंच्या कपाळावर घाम. मॅडम पुढं वाकल्या. बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, जिंकलो. मनात मथळासुद्धा तयार झाला.

मग मॅडम म्हणाल्या, "सर, हाच फोटो साधा उघडून दाखवा. फाईलवर नुसतं दोनदा क्लिक करा."

"त्याने काय फरक पडतो?"

"पडत नसेल तर उघडाच."

उघडला. दोन खिडक्या शेजारीशेजारी. डावीकडं तांबडं पाणी, उजवीकडं राखाडी. डावीकडं टोपी पांढरी, उजवीकडं निळी. तोच लॅपटॉप, तीच फाईल, आणि तोच मी, तोंड उघडं ठेवून.

"तुमचंच यंत्र दोन साक्षी देतंय, सर," मॅडम म्हणाल्या. "मी कुठली लिहू?"

घड्याळात साडेअकरा.

सलीमभाईला फोन लावला. तो इतक्या मोठ्याने बोलतो की स्पीकर लावायची गरज नव्हती, तरी मॅडमनी लावायला सांगितलं.

"सलीमभाई, ओढ्याचा फोटो कचेरीत राखाडी दिसतोय. माझ्याकडं तांबडा आहे."

"काका, बोल्या था ना मैं! तोच चुकीच्या नंबराचा चष्मा. पांढरं म्हणून नळी कशावर टेकवली?"

"आप्पांच्या टोपीवर."

"टोपी पांढरी व्हती का पण?"

आता हा काय प्रश्न झाला? मी आप्पांकडं पाहिलं. मॅडमनी पाहिलं. कांबळेंनी पाहिलं. आप्पांच्या डोक्यावर तीच टोपी होती. आणि मंडळी, ती टोपी पांढरी नव्हती. चहात बुडवून काढावी तशी होती. लॅपटॉपात दिसली होती त्याच्या जवळपास. ओढ्यावर समोर पाहिली तेव्हा मला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाची टोपी, मळली असेल!

"पांढरी कुठून असंल साहेब?" आप्पा हळू म्हणाले. "म्हातारी त्याच ओढ्यात धुती की कपडे. वर्षभर धुऊन धुऊन असा रंग चडलाय. सगळ्या वस्तीच्या टोप्या अशाच हायत्या."

फोनमधून आवाज आला, "म्हंजे काका, जो डाग दाखवायचा व्हता, त्यालाच तुमी पांढरं धरलं. ओढ्याचा रंग काडूनच टाकला तुमी! मूळ फोटो तरी ठेवलाय का?"

"त्याच्यावरच जतन केला."

"कॅमेऱ्याचं कार्ड?"

"परवा एका उद्घाटनासाठी कोरं केलं."

मग, "गिऱ्हाईक आलंय काका, ठेवतो." स्टुडिओत गिऱ्हाईक होतं की नव्हतं, देव जाणे.

ज्या कांबळेंवर मी फाईल बदलल्याचा आळ घेतला होता, त्यांनी ती रिकामी बाटली उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, ही बाटली तुमच्याजवळ व्हती का तवा? ओढ्यावर?"

"होती."

"रिकामी?"

"मीच रिकामी केली."

"मग भरून कामून न्हाय आणली?"

सत्तावीस वर्षं! काठावर उभा, हातात रिकामी बाटली, पायाशी तांबडं पाणी, आणि मी बाटलीला झाकण लावून बॅगेत ठेवतो. वर पर्यावरण राखल्याचं समाधान!

बाराला दहा कमी. मॅडमनी पेनचं टोपण काढलं. आप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "बाई, निकाली काडू नका. आमचं पाणी हाय ते."

मॅडम थांबल्या. "आजोबा, ही टोपी देता का पुरावा म्हणून?"

आप्पांनी दोन्ही हातांनी टोपी धरली. "अन् बोडक्या डोक्यानं गावात जाऊ? लोक विचारतील, कोण गेलं म्हणून."

मी खिशातला रुमाल काढला आणि पुढं केला. आप्पांनी तो निरखून पाहिला. "ह्यो तरी पांढराच हाय न्हवं, पेपरवाले?" म्हणाले, आणि डोक्याला बांधला. कांबळे तोंड फिरवून हसले. मी म्हटलं, हसा बाबा, तुमचा हक्क आहे. त्यांची माफी मी तिथंच मागितली.

टोपी पाकिटात गेली. अर्ज निकाली निघाला नाही. मॅडमनी शेरा मारला, 'पहाटेची स्थळपाहणी करावी.' कांबळे पोच लिहायला बसले.

"टोपी, एक नग." त्यांनी लिहिलं. मग पेन थांबलं. "मॅडम, रंगाचा रकाना हाय. काय लिहू?"

मॅडम टोपीकडं बघून विचारात पडल्या. तांबडा लिहिलं, तर तांबडा कशाने, हे पुढच्या कागदावर लिहावं लागणार. पांढरा लिहिलं, तर पुरावा कशाचा?

"सर, तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय."

जन्मभर तावातावाने बोललेला माणूस मी. मंत्र्यांना तोंडावर विचारलंय, ठेकेदारांना विचारलंय. त्या क्षणी माझ्या तोंडातून काय निघावं?

"कुठल्या उजेडात?"

आप्पांनी कपाळाला हात लावला.

तो रकाना कोरा ठेवून पोच दिली गेली. पोच माझ्या पाकिटात आहे, रोज बघतो. पहाटेची स्थळपाहणी अजून झालेली नाही. आप्पा दर आठवड्याला फोन करून विचारतात, टोपी कधी मिळंल. काल म्हणाले, रुमाल धुतला म्हातारीनं, आता त्यो बी तसाच झालाय.

रंगाचा रकाना अजून कोराच आहे.