पाच दिवस सांगणारा

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी तेल्हाऱ्याचा एक प्रोग्रामर बसतो. कोड लिहिण्याआधी तो त्या कोडची टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्राम, लिहितो. कोणी टोकलं की म्हणतो, “पेरायच्या आंधी बियाणं ओल्या पोत्यात उगवून पाह्यतो का नाई आपण?”

दर सोमवारी कोणत्या कामाला किती दिवस लागतील ते ठरतं. कटकट नको म्हणून आम्ही “दोन” म्हणतो, तो “पाच”. सगळे हसतात. लागतात पाचच, पण तो कधी बोलून दाखवत नाही.

मागच्या आठवड्यात घाई होती. साहेबांनी सांगितलं आणि मी त्याच्या टेस्ट काढून टाकल्या. “काहून?” एवढंच त्यानं मला विचारलं.

या सोमवारी साहेबांनी आधी त्यालाच विचारलं.

“दोन,” तो म्हणाला.

साहेब खूश झाले. मला त्याच्याकडे बघवेना.