वीस सेकंदांचं इंजेक्शन

तिला आम्ही सगळ्या तुफान म्हणायचो, तोंडावरसुद्धा. तिला ते आवडायचं. बायकांच्या वॉर्डात अडतीस खाटा आणि दुपारच्या पाळीला आम्ही दोघीच सिस्टर. त्यातल्या पंचवीस खाटा ती एकटी उरकायची आणि वर मला विचारायची, "तू काय मुहूर्त बघून सुई टोचतेस का?" मेट्रन नव्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून सांगायची, काम असं करायचं असतं.

लग्न तिनं केलं नव्हतं. घरी लकवा झालेले वडील होते. त्यांना भरवून यायचं आणि परत जाऊन भरवायचं, त्यामुळे ती कायम घाईत. डबा उभ्यानं खायची. कळवळणाऱ्या बाईला म्हणायची, "ओरडून बरं वाटत असतं तर आम्हाला पगार कशाला दिला असता?" बाई गप्प व्हायची. आजूबाजूच्या खाटा हसायच्या. मीही हसायचे.

एका दुपारी सहा नंबरला एक बाई आली. वय तीस-बत्तीस, कपड्यांच्या कारखान्यात कटिंगचं काम करायची. अर्धशिशीनं डोकं फुटत होतं आणि सकाळपासून पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. मी सलाईनची बाटली बदलत असताना ओकाऱ्या काढत काढतच ती मला सांगत होती, की कापडाचे चाळीस थर एका हातानं दाबायचे आणि दुसऱ्यानं कापायचे, रेषेबाहेर दोराभरही जाता कामा नये. खाली तपासणीच्या खोलीत घाईघाईनं तिच्या उजव्या मनगटाजवळ, बारीकशा शिरेत सुई बसवून वर पाठवलं होतं.

डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन लिहून दिलं. हे औषध शिरेला झोंबतं. शक्यतो ते कमरेत, स्नायूत खोल द्यायचं. शिरेतून द्यायचंच असेल तर सलाईनमध्ये पातळ करून, मोठ्या शिरेतून, दहा-पंधरा मिनिटं घेऊन द्यायचं. आणि पेशंट 'आग होतेय' म्हणाला की तिथल्या तिथे थांबायचं. हे औषधांच्या कपाटावर चिकटवलेलंच होतं.

तुफाननं सिरिंज भरली आणि थेट मनगटाच्या सुईला लावली. मी पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीची नाडी मोजत होते.

"आग होतेय, सिस्टर."

"औषध आहे बाई ते, गुलाबपाणी नव्हे."

"सिस्टर, थांबा ना! हात जळतोय माझा!"

"झालंच," म्हणत तुफाननं उरलेलं औषध आत रेटलं.

वीस सेकंद. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती, म्हणून मला आकडा माहीत आहे.

उलट्या थांबल्या. या औषधानं गुंगी येते, तशी बाई झोपली. "बघ, कशी मांजरासारखी पडलीय," तुफान म्हणाली. तासाभरानं मी तिकडून गेले तर बाईच्या उजव्या हाताची बोटं पांढरी पडली होती आणि त्यावर निळसर चट्टे उठले होते. मी तुफानला बोलावलं. तिनं बोटं दाबून पाहिली, सुई काढली, हाताखाली उशी ठेवली.

"सूज आहे. उतरेल."

"डॉक्टरांना बोलावू?"

"बोलाव की. आणि सांगशील काय?"

मी बोलावलं नाही. पाळी संपायच्या आधी तुफाननं बाईच्या केसपेपरवर लिहिलं: औषध पातळ करून दहा मिनिटांत दिले. रुग्णाने हात झटकल्याने सुई सरकली. तिचं अक्षर नेहमी सुंदर असायचं.

दुसऱ्या सकाळी अंगठा आणि दोन बोटं काळी पडली होती. अठराव्या दिवशी ती कापली.

चौकशी झाली. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी मला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? मी म्हणाले, "मी दुसऱ्या पेशंटची नाडी बघत होते." तेवढं खरंच होतं. मग बाईला, तिच्या नवऱ्याला आणि सासूला आत बोलावून साहेबांनी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला.

"मी हात हलवलाच नाही," बाई म्हणाली. "आणि दहा मिनिटं कसली? पटकन संपवलं त्यांनी."

"दुखताना माणसाला वेळेचं भान राहत नाही," साहेब म्हणाले.

सासूनं सुनेकडे पाहिलं. "जरा कळ काढली असतीस तर हात शाबूत राहिला असता."

तुफान भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली नाही की वर केली नाही.

पुढे तिला बढती मिळाली. नव्या मुलींना शिकवायचं काम तिच्याकडे आलं आणि ती ते फार चांगलं करायची. उलटी थांबवायच्या आधी उलटी का होतेय ते शोधा. पोट फुगलंय का बघा. आधी कधी या औषधानं त्रास झाला होता का, विचारा. दिल्यावर पेशंटला एकटं उठू देऊ नका. कुणाची मान वाकडी झाली, जीभ बाहेर आली तर नाटक समजू नका, औषधानं होतं तसं. सहा वर्षं हे चाललं. मधे वडील गेले.

एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "चुकीचं दिलं तर खरंच बोटं जातात? तुम्ही पाहिलंय?" तुफान खडू ठेवून बाहेर निघून गेली. मुली तशाच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर चल." जुन्या कागदांतून तिनं सहा नंबरच्या बाईचा पत्ता काढला होता.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार त्या बाईनंच उघडलं. नवरा टीव्ही बघत होता.

"मी त्या वॉर्डातली..."

"ओळखलं. या."

तुफान बसली नाही. "तुम्ही हात झटकला नव्हता. मी औषध पातळ केलं नव्हतं. तुम्ही ओरडलात तरी थांबले नाही."

बाईनं जाऊन टीव्ही बंद केला. "परत सांगा. यांच्याकडे बघून."

तुफाननं शब्दन् शब्द परत सांगितला. नवरा हातातल्या रिमोटकडे बघत राहिला. "आता काय उपयोग," तो पुटपुटला.

"तुमच्या आई मार्चमध्ये गेल्या," बाई त्याला म्हणाली. "शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगत होत्या, हिनं हात झटकला आणि स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं केलं. तुम्हीही तेच सांगत आलात."

"कागदावर तसं लिहिलं होतं ना!"

"मग आता हेही कागदावर येऊ दे."

तिनं मुलीच्या वहीतलं पान दातांत धरून डाव्या हातानं फाडलं आणि पेन आणून ठेवलं. तुफाननं तारीख लिहिली. मग थांबली.

"केस होईल माझ्यावर. आठ महिने राहिलेत नोकरीचे."

"लिहा."

"तोंडी कितीही वेळा सांगते. शेजारपाजाऱ्यांना बोलवा, त्यांच्यापुढे सांगते."

"लिहा ना, सिस्टर."

तुफाननं पेन खाली ठेवलं. बाई माझ्याकडे वळली.

"तुम्ही पलीकडच्या खाटेपाशी होतात. म्हातारीचा हात धरून."

मला वाटलं होतं, तिला आठवत नसेल. "हो," मी म्हणाले.

"मग तुम्ही लिहा."

माझ्या नोकरीची अकरा वर्षं राहिली होती. "मला आता नक्की आठवत नाही," मी म्हणाले.

"आठवतं तिला," तुफान म्हणाली. "घड्याळ बघत होती ती."

बाईनं ते पान उचललं, तारखेकडे एकदा पाहिलं आणि दार उघडून उभी राहिली. आम्ही जिना उतरलो. रस्त्यावर आल्यावर तुफान उजवीकडे गेली, मी डावीकडे.

आठ महिन्यांनी ती रिटायर झाली. समारंभाला मी रजा घेतली. आता ती एकटी राहते. गल्लीतली माणसं इंजेक्शन द्यायला बोलावतात, तर दार उघडत नाही म्हणे. मला तिनं नंतर कधी फोन केला नाही, आणि मीही केला नाही.