हातमाय सती झाली

घाटंजीच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायची. प्राचीन आणि मध्ययुगीन भारतातला धर्म, वाङ्मय आणि कला असा दुसऱ्या वर्षाला एक पेपर होता. पुस्तकात वेरूळ, खजुराहो, कोणार्क. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी यवतमाळसुद्धा धड पाहिलेलं नव्हतं. म्हणून एकदा एका विद्यार्थिनीने सांगितलं, "मॅडम, आमच्या गावात एक जुना दगड आहे, हातमाय म्हणतात," तेव्हा मी लगेच वर्ग घेऊन निघाले.

गाव घाटंजीपासून तासाभरावर. निंबाच्या झाडाखाली कमरेएवढा दगड उभा होता, शेंदराने पार सुजलेला. शेजारच्या घरातल्या सासू-सुनेने आम्हाला पाणी दिलं. सासूचं कपाळ मोकळं होतं. सून तिशीतली, बडबडी. पेरणीच्या आधी गावातल्या सगळ्या बाया हातमायला तेल घालतात, बांगड्या वाहतात, असं तिने सांगितलं.

"तुम्हीही घालता?" मी सासूला विचारलं. विधवेनं बांगड्या वाहाव्यात याचं मला नवल वाटलं होतं.

"घालतो ना. माह्या सासूच्या सासूनंही घातलं, तिलेबी नवरा नव्हता. माय तं सगळ्यायचीच आहे."

मी वहीत टिपून घेतलं, पण त्यावर विचार केला नाही. माझं लक्ष दगडाकडे होतं. शेंदराचं कवच एका बाजूने सुटत आलं होतं. आम्ही ते बोटांनी, मग काडीने काढू लागलो.

"खरवडू नका वं," सासू कळवळून म्हणाली. "तिचं आंग दुखन."

मी हसले. "आजी, उलट तिचा श्वास मोकळा होतोय."

तासाभरात दगड उघडा झाला. कोरलेल्या खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला उजवा हात, तळवा मोकळा, मनगटात बांगड्यांची चळत. वर चंद्र-सूर्य. खाली घोडेस्वार, आणि त्याखाली शिवलिंगापुढे हात जोडून बसलेलं जोडपं. असे दगड मी पुस्तकात कितीदा दाखवले होते, पण माझ्या स्वतःच्या बोटांखाली एकही कधी आला नव्हता. तोवर माणसं जमली होती. मी दगडाशेजारी उभी राहिले आणि शिकवायला लागले. हा सतीचा दगड आहे. नवरा लढाईत पडला, बायको त्याच्या चितेवर गेली. चंद्र-सूर्य असेतो तिची कीर्ती राहो, असा या चित्राचा अर्थ. किमान पाच-सहाशे वर्षं जुना.

गावातल्या भजनी मंडळाचे प्रमुख, सगळे त्यांना आबाजी म्हणत, पुढे आले. "म्हंजे आपल्या गावात सती झाली होती? अन् आमाले मालूमच नाही?" त्यांचा चेहरा उजळला होता. मलाही बरं वाटलं. जिल्ह्याच्या एका दैनिकात मी त्यावर लेख लिहिला, फोटोसकट.

वर्षभरात निंबाखाली टिनाचं छप्पर झालं, मग भिंती झाल्या, लोखंडी जाळीचं दार लागलं. "सतीमाता मंदिर" असा फलक आला. माझा लेख काचेत मढवून आत लावला. मला बोलावून शाल दिली. मी ती घेतली.

त्यानंतरचा हंगाम वाईट होता. कापूस माणसाच्या वर गेला होता आणि बोंडअळी काही केल्या हटत नव्हती. लोक औषधावर औषध मिसळून फवारत होते. झाड उंच, त्यामुळे फवारा वर मारावा लागे आणि तो मारणाऱ्याच्याच तोंडावर पडे. त्या महिन्यात यवतमाळच्या दवाखान्यात डोळे चोळत, ओकत येणाऱ्या माणसांच्या बातम्या रोज वाचत होते. त्या बडबड्या सुनेचा नवरा फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी गेला, हे मला माझ्या विद्यार्थिनीने वर्गाबाहेर सांगितलं. मी भेटायला जायला हवं होतं. परीक्षा चालू आहेत असं स्वतःला सांगत राहिले.

पुढच्या पेरणीआधी, आठवडी बाजाराच्या दिवशी, ती सूनच माझ्या दारात आली. हातात भाजीची थैली. बसायला सांगितलं तरी उभीच.

"मॅडम, मले देवळात जाऊ नाही दिलं."

"कोणी?"

"आबाजीनं. म्हणे हे सतीचं ठाणं, इथं विधवेची सावली नको. माह्या सासूलेबी आता दाराबाहेरच उभं करतात. जल्मभर तेल घातलं तिनं." मग म्हणाली, "मागून एक जण बोलला, त्या बाईनं कसं केलं पाहा, नाहीतर आजकालच्या. मले आयकू यावं म्हणूनच बोलला."

मी म्हटलं, "मी त्यांच्याशी बोलते."

"बोला. तुमीच सांगलं होतं, तुमीच वापस घ्या."

मी गेले. देवळापुढे आबाजी आणि दहा-बारा माणसं बसली होती. मी सांगितलं की दगडावर त्या बाईचं नाव नाही. तिला कोणी विचारलं का, ती रडली का, तिला ओढत नेलं का, यातलं काहीच दगड सांगत नाही. दगड उभा करणाऱ्यांना जे हवं तेच त्यावर कोरलंय. पिढ्यान् पिढ्या या गावातल्या बायांनी तिला सगळ्यांची माय केलं, तेही तेवढंच खरं आहे.

आबाजींनी शांतपणे ऐकलं. मग आत बोट दाखवलं. "हे तं तुमीच लिहिलं ना मॅडम? कीर्ती का काय ते?"

"हो. पण अर्धंच लिहिलं."

"मंग आता अर्धं काहून बदलता?"

लेख काढून द्या म्हटलं, तर त्यांनी हात जोडले. दिला नाही.

परतीच्या एसटीत मला एकच गोष्ट टोचत होती. गाव विसरलं होतं, याला मी अडाणीपणा समजले होते. पण कुणी तरी, कधी तरी, त्या हातातली आग विसरून फक्त बांगड्या लक्षात ठेवल्या असतील. एखाद्या विधवेनेच ठेवल्या असतील. ते काम शतकांचं होतं आणि मी ते तासाभरात, काडीने काढून टाकलं.

पुढचं मला त्या सुनेकडूनच कळलं. वेचणीच्या दिवसांत भर दुपारी, सात-आठ बाया शेतातून परस्पर देवळात शिरल्या. काहींच्या कपाळावर कुंकू होतं, काहींच्या नव्हतं. सासू पुढे होती. त्यांनी दगडावर तेल ओतलं आणि परत वेचायला गेल्या. आबाजींनी गोमूत्राने दगड धुतला. आठवड्याने त्या पुन्हा गेल्या, आबाजींनी पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा धुतला. मग दाराला कुलूप लावलं.

"आता?" मी विचारलं.

"आता जाळीतून हात घालून तेल टाकतो," ती म्हणाली. "पोचते कधी, कधी नाही पोचत."

मी काय करू, असं मी तिला विचारलं.

"तुमी पुन्हा लिहा," ती म्हणाली. "पण या वेळी आमाले पयले वाचून दाखवा."

मी लिहिलं. देवळाशेजारच्या तिच्या ओसरीवर बसून त्या बायांना वाचून दाखवलं. दोन ठिकाणी सासूने थांबवलं, ते मी खोडलं. दैनिकाने तो लेख छापला नाही. आता सतीच्या दगडांचं छायाचित्र मुलांपुढे आलं की मी वर्गात अडखळते, आणि मुलं एकमेकांकडे पाहतात.